झिरो माइल ते महाल : नागपूरचा जुना रस्ता पायी कसा पाहावा

नोकरीला किंवा शिकायला नागपुरात आलेली मंडळी पहिल्याच सुट्टीत झिरो माइलला जातात, तिथल्या चार घोड्यांसमोर फोटो काढतात आणि शहर पाहून झालं असं धरून चालतात. पण झिरो माइल हे या शहराचं अलीकडचं टोक आहे. मूळ गाव तिथून साडेतीन-चार किलोमीटर पूर्वेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, महालात वसलं. या दोन टोकांना जोडणारा रस्ता सीताबर्डीतून, लोहापुलाखालून आणि गांधीसागराच्या काठाने जातो. तो एकदा तरी पायी चालावा, असं मी नागपुरात नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालं की आधी इंग्रज भेटतात, मग गिरणीचा काळ, मग हे शहर वसवणारे गोंड राजे आणि सगळ्यात शेवटी भोसल्यांचा महाल. पुस्तकात वेगळ्या क्रमाने वाचायला मिळतं, पण पायाला हाच क्रम सोयीचा पडतो.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. त्या दिवसांत जायचंच असेल तर सकाळी सहाला निघा आणि दहाच्या आत घरी या. डोक्याला दुपट्टा बांधा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. इथे याला कोणी हसत नाही, सगळेच बांधतात.

डिसेंबरमध्ये एक अडचण आहे. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू असलं की विधान भवनाचा परिसर, टेकडी रोड आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट इथे पोलिसांचे कठडे लागतात आणि राज्यभरातून आलेले मोर्चे तिथेच अडवले जातात. लोकशाही जवळून पाहायची असेल तर मुद्दाम त्याच दिवसांत या. निवांत चालायचं असेल तर अधिवेशन संपू द्या.

मेट्रोने येणार असाल तर ऑरेंज लाइनवरच्या ‘झिरो माइल फ्रीडम पार्क’ स्टेशनवर उतरा. परतीला ॲक्वा लाइन आहे, तिचं शेवटी सांगतो.

पहिला टप्पा : झिरो माइलचा दगड वाचा

घोड्यांकडे नंतर बघा. आधी खांबाजवळ उभं राहून त्यावरची नावं वाचा. इंग्रजांनी देशाचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण केलं, त्या कामातली ही खूण आहे. इथून निरनिराळ्या गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत : जबलपूर १७०, हैदराबाद ३१८, चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर १२५, बैतूल १०१, छिंदवाडा ८३, शिवनी ७९. शेजारच्या मोजणीच्या दगडाशी समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे.

आता त्या यादीत काय नाही ते पाहा. मुंबई नाही, पुणे नाही. त्या काळी नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं. १८६१ साली झालेल्या त्या प्रांतात जबलपूर आणि रायपूर ही घरची गावं होती. पुढे वऱ्हाड जोडला गेला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. नागपूरकर इतकं सहज हिंदी का बोलतो, इथल्या जुन्या घरांतल्या सोयरिकी बालाघाट-छिंदवाड्यापर्यंत का पोचतात, याचं उत्तर या दगडावर आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्यांनी हे आधी समजून घेतलं तर शहराशी लवकर जमतं.

‘भारताचा मध्यबिंदू’ हे बिरुद इथे सगळीकडे ऐकू येईल. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यात करौंदी इथे मानला जातो. झिरो माइलचं महत्त्व त्याने कमी होत नाही. मोजणीची खूण म्हणून हा दगड पुरेसा मोठा आहे.

जवळच आदिवासी गोवारी शहीद स्मारक आहे. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, अधिवेशनाच्या काळात, अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बायका आणि लहान मुलं फार होती. इथल्या उड्डाणपुलालाही त्यांचंच नाव दिलेलं आहे. दर वर्षी २३ नोव्हेंबरला गावोगावचे गोवारी बांधव इथे येऊन फुलं वाहतात. या रस्त्यावर राजेरजवाड्यांच्या खुणा पुष्कळ आहेत, पण साध्या माणसांची एवढी मोठी खूण हीच.

दुसरा टप्पा : सीताबर्डीची टेकडी

झिरो माइलवरून पूर्वेकडे पाहिलं की झाडीने भरलेली टेकडी दिसते. तो सीताबर्डीचा किल्ला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सर्वसामान्यांना तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला पाहता येतो. त्या दिवशी ओळखपत्र बरोबर ठेवा आणि सकाळी लवकर रांगेत लागा. एरवी बाहेरूनच पाहावा लागतो.

ही जोडटेकडी आहे, एक मोठी आणि एक लहान. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ असे दोन दिवस नागपूरकर भोसल्यांचं सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांची इथे लढाई झाली. गादीवर होते मुधोजी दुसरे, म्हणजे आप्पासाहेब भोसले. कंपनीची फौज थोडी होती, पण टेकडीवर ठाण मांडून बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकून घेतली आणि तिथून मोठीवर तोफा डागल्या. त्या घटकेला लढाईचा निकाल कोणत्याही बाजूला जाऊ शकला असता. मग अरबांच्याच बाजूला दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला, आणि कंपनीच्या शिपायांनी ती टेकडी परत घेतली. लढाईनंतर इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. म्हणजे हा किल्ला भोसल्यांचा नव्हे, भोसल्यांवर नजर ठेवायला बांधलेला. लोक उलट समजतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

टेकडीच्या पायथ्याला, रेल्वे स्टेशनच्या बाजूला, टेकडीचा गणपती आहे. मंगळवारी आणि चतुर्थीला रांग मोठी असते, इतर दिवशी दर्शन लवकर होतं. देवळापर्यंत गेलातच तर स्टेशनची इमारतही पाहून घ्या. नागपुरात रेल्वे १८६७ साली आली. आजच्या दगडी इमारतीचं उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी झालं. गाडी पकडायच्या घाईत तिच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही. गाडी पकडायची नसेल तेव्हा बघा.

तिसरा टप्पा : बर्डी मेन रोड

परत फिरून वेरायटी चौकात या. इथून मेन रोड सुरू होतो. पाटीवर सीताबर्डी लिहिलेलं असलं तरी ऑटोवाल्याला नुसतं ‘बर्डी’ म्हणा. नाश्ता इथेच उरकून घ्या. सकाळच्या गाड्यांवर तर्री-पोहे मिळतात : खाली पोहे, वरून हरभऱ्याची लालभडक तर्री, त्यावर कांदा आणि शेव. नवख्या माणसाने तर्री बाजूला मागावी आणि जमेल तशी घालावी. तिखटाचा अंदाज आल्यावर पुढच्या वेळी वरून घ्या. हिवाळ्यात सांबारवडी दिसली तर सोडू नका. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीबरोबरच्या सांबाराची वाट पाहत बसू नका.

अकरानंतर हा रस्ता कपडे, चपला, पिशव्या आणि माणसांनी इतका भरतो की चालणं मुश्कील होतं. म्हणून नऊच्या आत इथून पुढे सरका. या रस्त्यावर इमारतींपेक्षा त्याचा इतिहास मोठा आहे आणि तो इथे कुठेही लिहिलेला नाही.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले औरस वारसाविना वारले. डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. त्यानंतर कंपनीने राजवाड्यातली मालमत्ता विकायला काढली. दागिने कलकत्त्याला गेले. हत्ती, घोडे आणि बैल महालातून काढून विक्रीसाठी सीताबर्डीला आणले गेले. राजाच्या पागेतली जनावरं लोकांच्या डोळ्यांदेखत इकडे हाकत आणली, तेव्हा गावाला काय वाटलं असेल! तुम्ही आता त्याच बर्डीत उभे आहात आणि ती जनावरं निघाली त्या महालाकडे चालला आहात.

२०२५ साली पहिल्या रघुजींची तलवार लंडनमधल्या लिलावात निघाली, तेव्हा राज्य सरकारने ती मिळवून महाराष्ट्रात परत आणली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी विस्कटलेल्या घरातली एक वस्तू परत आली, इतपत समाधान मानायला हरकत नाही.

चौथा टप्पा : लोहापूल आणि गिरणी

मेन रोड संपता संपता रेल्वेखालचा लोहापूल लागतो. पावसाळ्यात जोराची सर आली की इथे पाणी साचतं, तेव्हा ढग भरलेले असतील तर आधी चौकशी करा. पूल अरुंद आहे, गाड्या दोन्हीकडून येतात. कडेने चाला आणि कानातलं काढून ठेवा.

हा पूल ओलांडणं म्हणजे शहर बदलणं. रुळांच्या अलीकडे, पश्चिमेला, सिव्हिल लाइन्सचे प्रशस्त बंगले आणि सरकारी कचेऱ्या. पलीकडे पेठा, ओळी आणि एकमेकींना चिकटलेली घरं. १९२३ साली हीच विभागणी सत्याग्रहाचं कारण झाली. चरख्याचा झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुका गावातून सिव्हिल लाइन्सकडे जाऊ द्यायच्या नाहीत, असं सरकारने ठरवलं. त्याविरुद्ध नागपूरचा झेंडा सत्याग्रह उभा राहिला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली, देशभरातून तुकड्या येत राहिल्या. शेवटी ऑगस्टमध्ये मिरवणूक झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून गेली. आज आपण ऑटोने दहा मिनिटांत ही हद्द पार करतो.

पुढे डाव्या हाताला कॉटन मार्केटचा भाग येतो. विदर्भातला कापूस हेच जमशेदजी टाटांना इथे खेचून आणणारं कारण. मुंबई सोडून कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायची, हा विचार त्या काळी वेगळा होता. जुम्मा तलावाजवळची सखल, दलदलीची जमीन त्यांनी भरून घेतली. एका स्थानिक सावकाराने, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं म्हणून पैसे द्यायला नकार दिला आणि नंतर त्याला आपले शब्द मागे घ्यावे लागले, अशी हकिकत सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल. १८८६ मध्ये या गिरणीने कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला, सरकारी कायदे त्यानंतर किती तरी वर्षांनी आले. आता त्या जागेवर एम्प्रेस सिटी नावाची मोठी वसाहत आणि मॉल आहे. जुन्या नागपुरात ‘माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते’ असं सांगणारं घर मात्र तुम्हाला हटकून भेटेल. भेटलं तर बसून ऐका.

पाचवा टप्पा : गांधीसागर आणि जुम्मा दरवाजा

थोडं पुढे गेलं की डोळ्यांसमोर पाणी येतं. जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव आणि गांधीसागर ही एकाच तलावाची नावं आहेत. विचारताना तिन्ही चालतात. हा तलाव गोंड राजा चांद सुलतान याने केला. त्याचे वडील बख्त बुलंद शाह हे देवगडचे राजे. त्यांनी १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं. चांद सुलतानाने राजधानी देवगडहून इथे आणली आणि गावाभोवती तीन मैलांचा तट बांधला.

मुलं बरोबर असतील तर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र हा चांगला थांबा आहे. नाहीतर काठावर दहा मिनिटं बसा आणि टिळक पुतळ्याकडून सरळ महालाकडे निघा.

मग येतो जुम्मा दरवाजा, आजचं गांधी गेट. चांद सुलतानाच्या त्या तटबंदीची आठवण देणारा हा दगडी दरवाजा. तट गेला, दार राहिलं. इथे वाहनं इतकी असतात की रस्त्यात उभं राहून फोटो काढणं धोक्याचं आहे. फुटपाथवर जा, मागे वळा आणि दाराकडे बाहेरच्या बाजूने पाहा. जुन्या काळी गावात शिरणाऱ्याला ते तसंच दिसत असेल. जवळच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. शिवजयंतीला आणि मोठ्या मिरवणुकांच्या दिवशी हा चौक गाड्यांसाठी बंद होतो.

सहावा टप्पा : महाल

इथे घाई करू नका. बाकीचा रस्ता दोन तासांत उरकला तरी चालेल, महालाला तेवढाच वेळ एकट्याला द्या.

चांद सुलतान १७३९ मध्ये गेला आणि वारसांत भांडणं लागली. त्याच्या राणीने रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजी आले, त्यांनी भांडण मिटवलं आणि १७४३ पर्यंत राज्याची सगळी सूत्रं त्यांच्याकडे गेली. गोंड राजाचा मान त्यांनी नावापुरता ठेवला. तिथून पुढे शंभरावर वर्षं कटकपर्यंतचा कारभार या गल्लीबोळांतून चालला. आज इथली पंधरा फुटांची गल्ली पाहून ते खरं वाटत नाही. म्हणूनच नगारखाना पाहायला हवा.

कोतवाली आणि कल्याणेश्वराच्या देवळाचा रस्ता विचारा. मोबाइलचा नकाशा इथल्या बोळांत चुकतो. एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘काका, नगारखाना कोणीकडे?’ असं विचारा. नुसता हात दाखवून ते थांबणार नाहीत. ‘कोठून आला बापा तुम्ही?’ असं विचारतील आणि बहुतेक वेळा स्वतःच चार पावलं बरोबर येतील.

भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने भरलेला मोठा राजवाडा १८६४ साली जळाला. मागे उरला तो हा नगारखाना, म्हणजे राजवाड्याचं भव्य प्रवेशद्वार. आजूबाजूची दुकानं आणि वायरींची जाळी डोळ्याआड करा आणि फक्त दाराची उंची बघा. अंबारीसह हत्ती आत जावा असं हे दार आहे. त्यावरून मागे केवढा वाडा असेल याचा अंदाज येतो. एवढ्या मोलाच्या वास्तूची दशा पाहून वाईट वाटतं. तिची नीट डागडुजी होऊन समोर चार ओळींची पाटी लागायला हवी, ही माझी जुनी मागणी आहे. तुम्ही गेलात, फोटो काढलेत, चारजणांना दाखवलेत, तर तिला जोर मिळेल.

कल्याणेश्वराचं शिवमंदिर भोसलेकालीन आहे. दर्शन घ्या, सभामंडपात जरा टेका. जवळच थोरल्या भोसल्यांचा वाडा आहे. तो राहता वाडा आहे, परवानगीशिवाय आत जाऊ नका. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं मुख्यालयही महालातच आहे. १९२५ च्या विजयादशमीला डॉ. हेडगेवारांनी याच भागात संघ स्थापन केला. तिथे कडक बंदोबस्त असतो, मोबाइल खिशात ठेवून पुढे जावं. महापालिकेचा टाऊन हॉलही इथलाच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र हा सगळा परिसर आणि पलीकडची इतवारी वेगळीच होते. त्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. कागद, बांबू आणि कापडाच्या या प्रचंड पुतळ्यांसमोर ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा घोष चालतो. सोबतीला महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या वर्षीच्या सगळ्या तक्रारींचे बडगे, म्हणजे पुतळे, असतात. इंग्रजांना फितूर झाली म्हणून बांकाबाईच्या निषेधार्थ काळी मारबत काढतात, अशी लोकांची आठवण आहे. दुसऱ्या रघुजींची ही विधवा राणी. पण राजवाड्यातलं सामान काढायला लोक आले, तेव्हा याच म्हाताऱ्या राणीने वाडा पेटवून देण्याची धमकी दिल्याची वदंता त्या काळच्या लिखाणात नोंदलेली आहे. गावाने तिला जाळण्यासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणलं, तरी ती वाड्यासाठी उभी राहिली असेल, हेही मनात ठेवून मिरवणूक पाहावी असं मला वाटतं. गर्दी अतोनात असते. लहान मुलांना खांद्यावर घ्या आणि चौकाच्या कोपऱ्यापासून दूर उभे राहा.

वेळ आणि पाय शिल्लक असतील तर रिक्षाने जुन्या शुक्रवारीत जा. काशीबाई देवळाच्या परिसरात भोसले घराण्याच्या समाध्या आहेत. तिथे सहसा कोणी नसतं.

सातवा टप्पा : चितार ओळीतून परत

महालातून बडकस चौकाने उत्तरेकडे निघालं की चितार ओळ लागते. ही मूर्तिकारांची आणि रंगाऱ्यांची पेठ. जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर दुकानाच्या फळ्यांवर, पायऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला, जिकडे पाहावं तिकडे अर्धवट वाळलेले गणपती असतात. रंग सगळा लावून झाल्यावर डोळे शेवटी काढतात. बारीक कुंचला हातात घेतला की कारागीर बोलणं थांबवतो, श्वास रोखतो आणि एका फटक्यात पापणीची रेघ ओढतो. त्या वेळी त्याला किंमत विचारू नका. मूर्ती घ्यायची असेल तर मातीची आहे का हे आधीच स्पष्ट विचारा आणि नाव नोंदवून ठेवा, शेवटच्या आठवड्यात मनासारखी मिळत नाही.

इथून सेंट्रल एव्हेन्यूवरचं चितार ओळ चौक किंवा अग्रसेन चौक हे मेट्रो स्टेशन पायी गाठता येतं. ॲक्वा लाइनची लोकमान्य नगरकडे जाणारी गाडी पकडा. दोसर वैश्य चौक, रेल्वे स्टेशन, कॉटन मार्केट करत ती तुम्हाला सीताबर्डी इंटरचेंजला, मुंजे चौकात सोडते. रुळांच्या डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर सकाळी चाललेला भाग वरून दिसतो. संत्रा बर्फी घ्यायची असेल तर ती शेवटी घ्या, उन्हात चार तास पिशवीत ठेवली तर तिचं पाणी होतं.